उशीपलीकडचा मी

४ नोव्हेंबर
आजपासून कादंबरी. विज्ञान कादंबरी. नाव ठरलं : 'उशीपलीकडची विश्वं'. कल्पना अशी की माणूस निर्णय घेतो तेव्हा जगाला दोन फाटे फुटतात. इकडचा 'नाही' म्हणतो, तिकडचा 'हो'. नायक झोपेत जागं राहायला शिकतो आणि स्वप्नातून तिकडच्या स्वतःला भेटतो. असं आजवर कोणी लिहिलेलं नसणार. चौकशी केलेली नाही, उगाच मन विचलित होतं.
अर्पणपत्रिका लिहून झाली : 'माझ्या पत्नीस'.
किरकोळ : मालक गाद्यांचं दुसरं दुकान काढतायत. मॅनेजर होता का म्हणाले. नाही म्हटलं. माझा जन्म गाद्या विकण्यासाठी नाही, इतकी वर्षं विकल्या ती पूर्वतयारी. हिला सांगितलेलं नाही. पगार वाढला की संध्याकाळच्या शिकवण्या बंद करणार, असं ती कधीपासून म्हणतेय. आधी प्रकरण एक होऊ दे, मग सांगू.

५ नोव्हेंबर, सकाळ
ल्युसिड ड्रीमिंगचे, म्हणजे स्वप्नात जागं राहण्याचे, व्हिडिओ पाहिले. स्वप्नात हाताला बोटं जास्त दिसतात म्हणे. म्हणून दिवसभर अधूनमधून पंजा धरून बोटं मोजायची. सवय लागली की स्वप्नातही मोजू. सहा निघाली की समजायचं, पोचलो. सोपं आहे.
काल स्वप्न पडलं नाही. पडत असणार, पण ही पहाटे मिक्सर लावते.

९ नोव्हेंबर
दुपारी दुकानातल्या शोच्या बेडवर प्रयोग केला. प्लास्टिक न काढता. शेजारच्या बेडवर एक आजी-आजोबा आडवे होऊन बघत होते. माझं घोरणं ऐकून त्यांनी माझ्याखालचीच गादी घेतली. मालकांनी श्रेय गादीला दिलं.
काउंटरवाल्या बाईंना कथानक सांगितलं. बिलं करता करता ऐकतात. म्हणाल्या, नायक तिकडे गेल्यावर इकडे घरी भाजी कोण आणतं? मार्मिक प्रश्न. पहिली खरी वाचक भेटली. ही मात्र म्हणाली, पहिलं पान लिहा, मग वाचते. घरच्यांना किंमत नसते.
अर्पणपत्रिका बदलली : 'काउंटरवरच्या रसिक मनास'.

१२ नोव्हेंबर
गिऱ्हाईक सूट किती विचारत होतं आणि मी नेमका बोटं मोजायला पंजा वर धरला. ते पाच टक्के समजलं, चालेल म्हणालं. मी खात्रीसाठी दुसराही पंजा पाहिला. दहा झाले. बिलावर सही करताना मालक चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. माझ्यातला लेखक त्यांना जाणवू लागला असावा.
प्रकरण एक : उद्या.

१५ नोव्हेंबर
केसानं गळा कापला. नव्या दुकानाच्या मॅनेजर कोण, तर काउंटरवाल्या बाई. ज्यांना मी माझं अख्खं विश्व उलगडून दाखवलं, त्या. वर म्हणतात, तुम्हीच नाही म्हणालात ना? हा काय खुलासा झाला? मी नाही म्हटलं तर ती जागा काही दिवस तशीच ठेवायची. एखाद्याच्या नकाराचा मान राखणं म्हणून काही असतं.
त्याहून वाईट म्हणजे आनंदाच्या भरात त्यांनी हिला फोन केला आणि माझा नकारही सांगून टाकला. हिची शिकवणी चालू होती. ऐकून घेतलं, मुलांना पुढचं गणित दिलं. जेवताना एवढंच म्हणाली, मला एकदा विचारायचं होतंत. नंतर ताटात बघून जेवली.
दोघींनी मिळून एका लेखकाला एकटं पाडलं. मला फार लागलं.
अर्पणपत्रिका : 'तिकडच्या मला'. विश्वासाचा तो एकटाच.

१६ नोव्हेंबर, झोपण्यापूर्वी
मी झोपेत बोलतो असं ही नेहमी सांगते. इतके दिवस कानाआड केलं, चुकलं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उशीशी ठेवतोय. तिकडचा मी बोलेल, मी उतरवून घेईन. प्रकरण एक तयार.

१७ नोव्हेंबर, सकाळ
बोललो. अगदी स्पष्ट. हिला बोलावलं, म्हटलं, ऐक, कादंबरी.
आधी घोरणं. मग माझाच आवाज, पण इतका खुशीत मी स्वतःला कधी ऐकलेलं नाही. 'हो मालक, घेतो की. चाव्या द्या. घरी सांगतो, उद्यापासून शिकवण्या बंद.' मग हसणं. मग कोणाला तरी ऑर्थोपेडिक गादी विकली, दोन उशा फुकट.
माझा मीच फितूर निघालो. माझ्याच बिछान्यात, माझ्या पाठीमागे, त्यानं नोकरी घेतली. मी पंजा पाहिला. पाच. पुन्हा मोजली. पाचच.
ही चिडेल असं वाटलं होतं. तिनं शिकवण्यांचं वाक्य परत लावायला सांगितलं. ऐकलं. म्हणाली, चला, तिकडे तरी सुटले मी. आणि खुर्च्या मांडायला गेली. आजपासून तिनं सकाळचीही बॅच घेतली आहे.
'तिकडच्या मला' खोडलं. परत 'माझ्या पत्नीस' लिहायला घेतलं, तर खाडाखोडीत त्या पानावर जागाच उरलेली नाही.