निळी चिंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
ज्यांचे हिशोब मी लिहितो त्या सदाभाऊंच्या ओटीवर बसून त्यांच्या पिस्तुलाच्या नळीतून समोरच्या माडाकडे पाहत होतो. नळी सुटी काढलेली. बाकीचे पिस्तूल आणि गोळ्या भाऊंच्या ताब्यात, भाऊ समोर झोपाळ्यावर. लायसन भाऊंचे आहे. ते समोर नसताना मी त्यातली स्प्रिंगसुद्धा हातात घेत नाही.
निवडणुकीत ठाण्यात जमा केलेले पिस्तूल परत आले आहे. ३० तारखेला अलिबागला तपासणी, मग लायसनचे नूतनीकरण. नळी स्टेनलेस स्टीलची, पण आत तांबूस रेघ दिसते. गोळीला वरून तांब्याचे कवच असते, ते सुटताना आत घासून चिकटते. भाऊंनी आयुष्यात दहाच गोळ्या झाडल्या, त्याही सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या शूटिंग रेंजवर. त्यानंतर नळी कोणी साफ केली नाही. मी करणार.
कारण लिहून ठेवतो. अर्जात 'रिटेनर' असा रकाना असतो. मालकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा अधिकृत माणूस. सध्या रकाना रिकामा आहे. मी भाऊंना सरळ विचारले. भाऊ म्हणाले, नली चकचकीत कर, मंग बघू.
बघू म्हणजे होच. भाऊंना नाही म्हणायचे असते तेव्हा ते नाही म्हणतात. (उदा. ऑगस्टमधील पगारवाढ.)

बुधवार, ८ जानेवारी.
रेवदंड्याच्या लेथवाल्याकडून खास सळई करून आणली. पितळेची. लोखंडाने नळी खरवडली गेली असती, पितळ मऊ. टोकाला चिंदी अडकवायला खाचा. डिझाइन माझे. ८५० रुपये. बिल भाऊंना दाखवले. म्हणाले, ठेव तुझ्याकडं.
ठेवले.

गुरुवार, ९ जानेवारी. सकाळी ८.
औषध कुरिअरने आले. तांबे विरघळवणारे. १,६५० रुपये. लेबल दोनदा वाचले. चिंदीला औषध लावून नळीत फिरवायची, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा चिंदी. निळी निघाली तर तांबे शिल्लक आहे. पांढरी निघाली तर काम संपले.
पहिली चिंदी निळी. मोराच्या मानेसारखी. भाऊंना दाखवली. भाऊ मोबाइलवर होते. कुलदीपने मात्र पाहिली आणि म्हणाला, दादा, सायन्सला जायला पाहिजे होतंस तू.
कुलदीप म्हणजे भाऊंच्या बहिणीचा मुलगा. भाऊंची गाडी चालवतो, उरलेला वेळ जिममध्ये. वाईट नाही. रोज येताना माझ्यासाठी वडापाव आणतो. पण गांभीर्य नाही. आणि सायन्सला मी गेलो होतो. अकरावी, दिवाळीपर्यंत.

शनिवार, ११ जानेवारी.
एकूण चिंद्या २४. सर्व निळ्या. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, नंबर आणि तारीख घालून. चिंद्यांसाठी माझा एक बनियन गेला.
भाऊ म्हणाले, आरं निकेत, नली पुसतंस का बारशाचं पोर न्हाणतंस?
आई म्हणाली, अंगाला पार्लरचा वास येतो, नक्की कुठे जातोस? औषधात अमोनिया असतो हे तिला समजावले. समजावल्यावर जास्त काळजीत दिसली.

सोमवार, १३ जानेवारी.
भाऊंनी कुलदीपची कागदपत्रे माझ्याकडे दिली. आधार, चार फोटो, डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट, चारित्र्य पडताळणीचा अर्ज. सगळे नीट भर म्हणाले, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही.
भाऊंचा डंपर चालवायच्या बॅजसाठी असणार. आता डंपरलाही चारित्र्य लागते. भरले. एकही खाडाखोड नाही.

मंगळवार, १४ जानेवारी.
आईचे म्हणणे, देवाची तांब्याची भांडी आमसुलाने निघतात, तुझी नळी का नाही निघणार? विचार केला. शास्त्रात बसते. सुचिता वहिनींकडून (भाऊंच्या पत्नी) वाटीभर कोकमाचा आगळ मागून घेतला आणि ओटीवरच नळी त्यात दहा मिनिटे बुडवली. मग धुऊन पुन्हा औषध.
चिंदी निळी.
भाऊ म्हणाले, आता गोली सुटल का सोलकढी? सगळे हसले. वहिनीसुद्धा. वाटी त्यांनी परत घेतली नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी.
टेलरकडे सफारीचे माप दिले. गडद राखाडी. रिटेनरने कसे दिसावे याचा विचार आधीच करायला हवा, नाव लागल्यावर घाई नको. भाऊ महिन्यातून दोनदा मांडव्याला जाऊन रो-रो बोटीने मुंबईला जातात. जेट्टीवर मी त्यांच्या मागे, दोन पावले डावीकडे. काळा चष्मा घेतला. ३५०.
सफारी २,२००. हजार दिले. टेलर म्हणाला, लग्न ठरलं का? मी म्हणालो, त्याहून मोठे.

मंगळवार, २१ जानेवारी. दुपारी १२, अलिबाग.
नूतनीकरणाची फाइल साक्षीकडे नेली. तिचे कचेरीजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. ती म्हणाली, तुमची फाइल आली की बरं वाटतं, बाकीचे लोक कागद नाही, भेळ आणतात. हे वाक्य तिने सर्वांसमोर म्हटले.
कुलदीपचे कागदही दिले. तिने विचारले, हे याच अर्जाला लावायचे ना? मी म्हणालो, त्याचे काम वेगळे आहे, पण दोन्ही एकत्र ठेवा, हरवायला नको. ती म्हणाली, भाऊंचा फोन आलाय मला, तुम्ही काळजी करू नका.
मी काळजी करत नाही. रकान्याचे मी मुद्दामच काही बोललो नाही. आपणच आपले नाव सांगणे बरे दिसत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी.
चिंद्या १४१. सर्व निळ्या. बनियन तिसरा.
एक गोष्ट विचित्र आहे. औषधाशिवाय कोरडी चिंदी फिरवली तर पांढरी स्वच्छ निघते. औषध लावून फिरवली की निळी. म्हणजे तांबे खोल लपलेले आहे. तांबूस रेघ तर पहिल्या दोन दिवसांतच गेली. भाऊ म्हणतात झालं आता, पुरे. वरवर पाहणाऱ्याला तसे वाटणारच.
सळईचे टोकही बारीक झाले आहे. चिंदी घसरून पडते. लेथवाल्याने हलके पितळ घालून मला फसवले. फोन केला तर म्हणाला, तू सळईचं करतोस काय नक्की? चोराच्या उलट्या बोंबा.

शनिवार, २५ जानेवारी.
उलगडा झाला.
दहा गोळ्यांचे तांबे १६० चिंद्या पुरूच शकत नाही. हिशोब करून पाहिला. याचा अर्थ एकच. तांबे रोज नव्याने येते आहे. कोणीतरी रोज गोळी झाडते.
काल संध्याकाळी साडेसातला भाऊंच्या वाडीच्या बाजूने दोन आवाज आले. आई म्हणाली लग्नाचे फटाके. वरात मलाही दिसली. पण वरातीच्या आड काय काय करता येते.
पिस्तुलाच्या कपाटाची चावी कुठे असते ते दोघांना ठाऊक आहे. भाऊ, आणि कुलदीप. भाऊ साडेसातला जेवतात.
भाऊंना गोळ्या मोजायला सांगितले. पंधरा. तेवढ्याच होत्या. म्हणजे तो भरपाई करतो. हे तर अजून गंभीर आहे.
आज त्याने आणलेला वडापाव खाल्ला नाही. त्याने विचारले, दादा, पोट बिघडलंय का? मी पुढची चिंदी कापायला घेतली. दुपारी खाल्ला, वाया गेला असता.

मंगळवार, २८ जानेवारी.
निवेदन लिहिले. दोन पाने, तीनदा उतरवून. "सदर पिस्तुलातून रोज सायंकाळी चोरून गोळीबार होत असल्याचा मला सबळ संशय असून संशयित इसम आपल्याच घरातील श्री. कुलदीप हे आहेत. पुरावा म्हणून १८२ चिंद्या सादर." भाऊंच्या फाइलीत सर्वांत वर लावले. तपासणीआधी त्यांनी वाचावे आणि योग्य तो निर्णय घ्यावा.
रिटेनरचे पहिले कर्तव्य मी नेमणुकीआधीच बजावले.

गुरुवार, ३० जानेवारी. संध्याकाळी ६.
जे झाले ते क्रमाने लिहितो.
भाऊ फाइल उघडत नाहीत. इतकी वर्षे मला हे माहीत होते. त्यांनी ती तशीच तपासणीच्या हवालदारांपुढे ठेवली. हवालदार वयस्कर, चष्मा नाकावर. सर्वांत वरचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला. अख्खा. माझे वाक्य कुठेही अडखळत नव्हते, एवढे सांगतो.
भाऊंचा चेहरा पांढरा पडला. हवालदारांनी विचारले, काय हो, घरात गोळीबार चालतो का? मग लायसन कशाला, बंदच करून टाकू. भाऊ म्हणाले, साहेब, आईची शप्पत न्हाय. कुलदीप माझ्याकडे बघत होता.
मी पिशव्या टेबलावर ठेवल्या. एक ते १८२.
हवालदारांनी नळी उजेडात धरली. मग त्यांच्याकडची प्लॅस्टिकच्या टोकाची सळई घेतली, माझेच औषध लावले, चिंदी फिरवली, मिनिटे मोजली. बाहेर काढली. पांढरी.
मग म्हणाले, तुझी सळई दाखव. दाखवली. त्यांनी तिच्या टोकावर औषधाचा एक थेंब टाकला आणि वाट बघत बसले. आम्हीही बसलो. थेंब निळा झाला.
ते म्हणाले, बाळा, पितळेत तांबंच असतं. नळी केव्हाच साफ झाली. तीन आठवडे तू सळई विरघळवतोयस.
भाऊ इतके हसले की खुर्ची धरावी लागली. शिपाईही हसला. हवालदारांनी निवेदनाची घडी घालून मला परत दिली. म्हणाले, अक्षर सुंदर आहे, जपून वापर.
मग त्यांनी अर्ज घेतला आणि विचारले, रिटेनर कोण?
मी उभा राहिलो. राखाडी सफारी टेलरकडे होती, पण उभा राहिलो.
कुलदीपही उभा राहिला. नाव त्याचे होते. फोटो, फिटनेस, चारित्र्य पडताळणी, सगळे मी भरलेले. एकही खाडाखोड नाही.
बाहेर आल्यावर भाऊंना विचारले. भाऊ म्हणाले, आरं, बघू म्हटलं व्हतं ना? बघितलं. तुला हिशेबाला ठेवलाय, अंग राखायला अंग लागतं रं.
साक्षीच्या दुकानात गेलो. ती म्हणाली, अहो, फाइल तर तुम्हीच आणलीत, मला वाटलं तुम्हाला माहिती आहे.
आई म्हणते, जाऊ दे. तिलाही आतून बरे वाटले असणार.
सर्वांनी दगा दिला. भाऊंनी, साक्षीने, लेथवाल्याने. सळईनेसुद्धा.
कुलदीप परतीच्या वाटेवर गाडीत एवढेच म्हणाला, दादा, मला एकदा विचारायचंस तरी. आज वडापाव नव्हता.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ११.
नाक्यावर मला 'निळूशेठ' म्हणतात. भाऊंनीच सांगितले असणार सगळ्यांना.
काल भाऊ मांडव्याला गेले. मागे कुलदीप. दोन पावले डावीकडे नाही, चक्क शेजारी, आणि अंगात टी-शर्ट. चुकीचे आहे. सांगणार होतो. सांगितले नाही.
भाऊंचा निरोप आला: नली मात्र दर महिन्याला तूच साफ करायची, कुलदीपला येत न्हाय. मी म्हणालो, बघू. मग जाऊन प्लॅस्टिकच्या टोकाची सळई ऑर्डर केली. भाऊंसाठी नाही. कामासाठी.
सकाळी टेलरकडे गेलो. सफारीचे बाकीचे पैसे पुढच्या महिन्यात देतो असे सांगायला. टेलर म्हणाला, ते कालच मिळाले. तुमच्याकडचा तो जिमवाला देऊन गेला. म्हणाला, दादाला सांगू नका, त्याला वाटू दे की तुम्हीच थांबलात. पण तुम्ही इतके पडेल तोंड घेऊन आलात म्हणून सांगून टाकलं.
सफारी घरी आणली. मापात बसते.
तेव्हापासून निवेदनाची दोन पाने समोर आहेत. मागची बाजू कोरी आहे. त्यावर कुलदीपला काही लिहावे म्हटले. "प्रिय कुलदीप" एवढे झाले आहे.
हिशोब पूर्ण करतो.

खर्च:
पितळी सळई: ८५०
औषध: १,६५०
काळा चष्मा: ३५०
सफारी, आगाऊ: १,०००
पिशव्या, १८२ नग: ९०
बनियन, चार: ४८०
नवी सळई: २२०
एकूण: ४,६४०

येणे:
भाऊंकडून: बघू.

देणे:
टेलर: १,२०० (खोडले)
कुलदीप: १,२००
कुलदीप, वडापाव, ९ ते २९ जानेवारी: मोजले नव्हते.