अनाथ ओळी

४ नोव्हेंबर, सोमवार
नवी नोकरी, नवं घर, आणि खिडकीतून चक्क ऊन! चष्म्याच्या दुकानांची साखळी आहे आणि तिचा सगळा डेटाबेस आता माझ्या गळ्यात. एका टेबलात ग्राहक, दुसऱ्यात त्यांचे डोळ्यांचे नंबर, तिसऱ्यात ऑर्डरी. ग्राहकाच्या क्रमांकानं सगळी एकमेकांना बांधलेली, एकत्र कुटुंबासारखी. एकाला हलवलं की दहाजण कुरकुरतात. आजवर हे सांभाळणारे गृहस्थ महिनाअखेर निवृत्त होतील. ऑफिसात सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. स्वभावानं लोणी.
माझ्या लेकीची, ठमीची, शाळा मागच्याच गल्लीत. बयेनं पहिल्याच दिवशी मैत्रीण केली, तिच्याशी भांडली आणि परत गट्टीही केली. मी अजून खोकीच उघडतेय. तिचे बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा मला सणसणून भूक लागली.

६ नोव्हेंबर, बुधवार
दोनदा नोंदलेली गिऱ्हाइकं शोधत होते. त्यात त्याचं, ठमीच्या बाबांचं, नाव निघालं. नावासारखी नावं असतात, म्हणून नोंद उघडली. जन्मतारीख त्याची. डाव्या डोळ्याचा तो विचित्र नंबरही त्याचाच. शेवटची भेट : काल.
आजोबा म्हणाले, कुणीतरी जुनी नोंद चुकून उघडली असेल, पुसून टाकू या. मी नको म्हटलं. दुपारभर त्या एका ओळीकडे बघत बसले. त्याच्या नावापुढे ‘चालू ग्राहक’ लिहिलंय. वर्षभरात त्याच्याबद्दल कुणी वर्तमानकाळात बोललं नव्हतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
त्याचा पत्ता बदललाय. आता तिथे आमच्या नव्या घराचा पत्ता आहे. तो मी अजून ताईलासुद्धा कळवलेला नाही. आणि त्याच्या कुटुंबखात्यात ठमीचं नाव आलंय. ठमीला तर चष्माच नाही. ही भर कुणी घातली हे सिस्टीम नेहमी सांगते. इथे ती जागा कोरी आहे.
घाबरायला हवं होतं. मी मात्र पडद्यावर त्याच्या नावावरून बोट फिरवलं.

११ नोव्हेंबर, सोमवार
मधल्या सुट्टीत बाबा फाटकाशी आले होते, असं ठमी म्हणाली. आधी तिच्यावर ओरडले मी, मग पोटाशी धरून रडले. ती माझेच डोळे पुसत होती. ते काय म्हणाले, असं विचारलं. म्हणाली, “तुला न्यायला येईन म्हणाले. आईला सांगू नकोस म्हणाले.”

१२ नोव्हेंबर, मंगळवार
पुसली ती ओळ. त्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं. त्याच्याबरोबर खात्यातली ठमीची नोंदही गेली. आजोबा हसत म्हणाले, आपल्या सिस्टीमला अनाथ ओळी चालत नाहीत, बाप गेला की लेकरंही पाठोपाठ. बरंच झालं, म्हटलं. त्याच्या खात्यात तिचं नाव नकोच.

संध्याकाळ
शाळेच्या बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी आमच्याकडे नाही. मला वाटलं, थट्टा करताहेत. सगळ्या वर्गांतून हाका मारत फिरले. मग ताईला फोन केला. ती अगदी हळू म्हणाली, “अगं राणी, तुला मूल कुठे होतं?”

१३ नोव्हेंबर
घरात एकच उशी. एकच टूथब्रश.
ठमीच्या हनुवटीवर व्रण आहे. झोपेत बडबडते. दुधावरची साय काढून दे म्हणते. लिहून ठेवतेय, कारण तिचा आवाज सकाळपासून आठवत—

१४ नोव्हेंबर
घरूनच काम करतेय. बॅकअप आहे, पुसण्याआधीची प्रत. त्यातून तिला एकटीला परत आणायला गेले, तर सिस्टीम घेत नाही. बापाशिवाय लेकराची ओळ बसत नाही. आणायचं तर दोघांना.
येऊ दे त्यालाही. काय करायचं ते माझं करू दे. पण माझी पोर—

आणली. दोघांच्या ओळी परत दिसताहेत. पण आईच्या रकान्यात कुणीच नाही. माझं नाव घालतेय, तर सिस्टीम म्हणते, अशी व्यक्ती अस्तित्वात नाही. आधी मला स्वतःची नोंद करायला हवी, मग—
जिन्यावर पावलं. तिचीच! उड्या मारत—

दार त्यांनीच उघडलं. ठमी. माझी ठमी. मी हात पसरले तर त्याच्या मागे लपली. त्याला विचारतेय, “बाबा, या काकू आपल्या घरात का बसल्यात?”
मी आई आहे गं, मी तुझी—
तो तिच्या केसांवरून हात फिरवतोय. पूर्वीसारखाच, हळू. म्हणतोय, जातील हं त्या आता. आणि माझ्याकडे—