अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

११ एप्रिल, लातूर
आजपासून आमची कळशी भरू द्यायची नाही असं गल्लीतल्या बायांनी ठरवलं. पुढारी अर्थातच घरमालकीण काशाबाई. सौ.ला म्हणाली, "तुमचं पाणी खड्ड्यात जातंय न्हवं? मग खड्ड्यालाच मागा." सौ. रिकामी कळशी आपटून आत गेली. माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे, तेवढीच शांतता.
जिल्हा नवा, कचेरी नवी, गल्लीच्या तोंडाशी माझी वायरलेसची खोली नवी. दुष्काळ तेवढा जुनाच. नांदेड सोडून इथं मरायला आलो. बढती म्हणे.

१२ एप्रिल
अर्थिंगच्या खड्ड्याची तक्रार साहेबांपर्यंत गेली. "रोज पाणी कशाला ओतता?" मी चिडूनच सांगितलं. वरची एरियलची तार म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं, मातीत पुरलेला तांब्याचा पत्रा. तारेत वीज वर-खाली धावते, तिच्याभोवती चुंबकाचं क्षेत्र हलतं, ते हललं की पुन्हा विजेचं, अशी एकमेकांना ढकलत लहर हवेत सुटते. माती वाळली की पत्र्याची पकड सुटते आणि लहर दुबळी निघते. इथली काळी जमीन तर उलली आहे, भेगेत हात जातो. म्हणून मीठ, कोळसा, पाणी.
साहेब म्हणाले, "तुम्ही मास्तर व्हायचं होतं." हसले. मी हसलो नाही.
आणि ते पाणी धुण्याभांड्याचं असतं. पण लांबून कळशी ती कळशीच दिसते. आता कळशीच भरत नाही, तर धुण्याचं तरी कुठून आणू.

१४ एप्रिल
जयंती. सौ.नं छकुलीला अंघोळ न घालताच नवा फ्रॉक घातला. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, झालं. मिरवणुकीत कुणाशी बोललो नाही.
काशाबाईचा खरा राग खड्ड्याचा नाहीच. होळीच्या सुमारास हेडफोनमध्ये खरखर वाजत होती, तिनं दारातून विचारलं. मी म्हणालो, कुठंतरी ढग आहेत, विजा पडतायत. बस्स. पाऊस येणार असं म्हणालो नव्हतो! बायांनी रांजण उपसून गोधड्या धुतल्या, पोरं न्हाऊ घातली. आभाळ कोरडं ठणठणीत. विजेची खरखर हवेच्या वरच्या थराला आपटून शेकडो कोसांवरून येते. केरळातली असेल, नाहीतर बंगालातली. हे कुणी विचारलं नाही. न विचारता मी कशाला शिकवू? मी मास्तर नाही.

१६ एप्रिल
टेलिफोनची तार परवाच्या वावटळीत पडली ती पडलीच. नांदेडहून टँकर मागवायचे, संदेश माझ्याच सेटवरून. आमच्या गल्लीचंही नाव आहे त्यात. सकाळी द्या म्हणालो. नाही. बैठक, चहा, सही, आणि भर दुपारी कागद माझ्या टेबलावर. डोक्यावर सूर्य असला की वरच्या हवेतला खालचा थर विजेनं भारून माझी लहर गिळतो. वर जाऊन परतायला ती उरतच नाही. नांदेडचा गायकवाड विहिरीतून बोलल्यासारखा, "आईकू येईना, मामा." मग तोही बुडाला. त्यात खड्डा कोरडा ठाक.
साहेब: "उन्हाची कारणं सांगू नका." वर कामचुकार म्हणाले. बाहेर बाया ऐकत होत्या. हसल्यासुद्धा. मरा म्हणालो मनात. सगळे मरा.

१७ एप्रिल
सूर्य वर यायच्या आत संदेश गेला पाहिजे. घरात छकुलीच्या दुधात घालायचं तांब्याभर पाणी, बाकी काही नाही. सौ.कडे बघितलं. म्हणाली, "त्ये बी ओता. म्हंजी सुटलो समदे."
ओतलं. काशाबाई ओट्यावरून बघत होती. बघू दे.
गायकवाड स्पष्ट आला. "बोला मामा, कुठं कुठं पायजे टँकर?" सांगायला लागलो आणि खरखर. साधी नाही, कान फुटेल अशी. टँकर पाहिजे तर ही थांबायला हवी, आणि पाऊसच असेल तर थांब म्हणायला जीभ रेटेना.
काशाबाई दारात. "लेकराचं पाणी ओतलं व्हय हो तुमी?" मग आत डोकावून, "काय वाजायलंय?"
 हेडफोन काढून तिच्या कानाला लावला.
"मोहरी तडतडल्यावानी हाय. जवळ हाय का लांब?"
"कळत न्हाई."
"हे तवाच म्हणला असता तर?"
 ती हेडफोन काढेना.
"आत कुणीतरी बोलतंय. कुठं पायजे, कुठं पायजे करतंय."
परक्या माणसाला सेटला हात लावू दिला तर नोकरी जाते. बटण मी दाबलं, माईक तिच्या तोंडापुढं धरला. आमच्या गल्लीचं नाव ती अशी ओरडली की कचेरीतला शिपाई पळत आला.
पोचलं का माहीत नाही. खरखर वाढली आहे. आभाळाकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही.