एका दमात

सोलापूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५२

आज डॉक्टरांनी आमच्या कुमुदच्या छातीला नळी लावून ठोके ऐकले. नात जेमतेम चार वर्षांची. म्हणाले, "मास्तर, हिचं हृदय जन्मतःच सदोष आहे. फुगून श्वासनळी दाबतंय, म्हणून श्वासाला ही शीळ." उपाय विचारला, तर नळी गुंडाळू लागले.

ती शीळ मी रोज ऐकत होतो. आमच्या वर्गात कवितेची ओळ एका दमात म्हणायची शिस्त; घरी कुमुदलाही तीच. कुमुद मध्येच थांबली की मी टिचकी मारायचो, "आळशी कुठली!" कसले कान माझे?

घरी येताच म्हणाली, "आजोबा, आज ओळ एका दमात म्हणते की." नको म्हटलं. तिला वाटलं, मी रागावलो. म्हटलीच तिने, ओठ निळे पडेपर्यंत. शीळ वाजत होती.

आणि सवयीने मी बोलून गेलो, "शाब्बास!"