जुन्या काढ्याची पळी

४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर भावजयबाईंच्या तोंडाला चव नाही म्हणतोस. तुझ्या हातचं खाऊन कुणाला चव येणार! शेजारच्या ड्रायव्हरबरोबर काढ्याच्या दोन बाटल्या पाठवल्या आहेत. आपल्या दादांच्या दुकानात मी अजूनही विकते तोच, त्यांच्याच पद्धतीचा आहे. पातेलं कधी कोरडं पडू द्यायचं नाही, जुन्या काढ्याची एक पळी नव्यात घालायची, हा त्यांचा नेम ते गेल्यावरही मी मोडलेला नाही. सकाळ-संध्याकाळ द्यायचा. नाक मुरडलं तर म्हणावं, नणंद अजून जिवंत आहे. समोरच्या शिवणकामवाल्या काकूही खोकल्यावर हाच घेतात.

पत्राचा आळस करू नकोस. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही दवाखान्यात आहे. जुलाब, ताप, आणि आता जंतू रक्तात गेलेत असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी खाण्यापिण्याचं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तुझी बाटली आठवली. आमच्याच प्रयोगशाळेत तपासली. काढ्यात जंतूंचा नुसता बुजबुजाट आहे, ताई. सगळ्या शहराचं पाणी मी रोज तपासतो, आणि घरात आलेली बाटली तुझी म्हणून साधी हुंगूनही पाहिली नाही. याचं फार वाईट वाटतं.

तुला बोल लावत नाही. पण ती जुनी पळी तू नेमकी केव्हा घालतेस? काढा देणं आजच थांबव आणि दिलेल्या बाटल्या परत घे. रागावलीस तरी चालेल, एवढं ऐक.

लोभ कमी करू नकोस.

तुझा बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच संताप आला, दादांच्या काढ्याला नावं ठेवतोस म्हणून. मग पातेल्यासमोर बसून एकेक पायरी आठवत गेले. दादा पळी उकळत्या काढ्यात घालायचे. उकळीत वास उडून जातो, म्हणून मी काढा गार झाल्यावर घालायला लागले. जुन्यातली घाण मीच दर वेळी नव्यात विरजत आले. माझा शहाणपणा नडला रे.

दुकानाला कुलूप लावलं. दारोदार जाऊन बाटल्या मागितल्या. लोक हसले, काहींनी तर गुण येतोय म्हणून लपवून ठेवल्या. काकूंची बाटली मात्र संपली होती. तेच जुलाब, तोच ताप. आज सकाळी त्या गेल्या. त्यांची मुलगी माझ्याच गळ्यात पडून रडली, आणि काढ्याचं तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

भावजयबाईंचं ताबडतोब कळव. माझ्यावर माया ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू?

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही घरी आली. अंगात त्राण नाही, पण उठून बसते. काकूंचं तिला कळू द्यायचं नव्हतं, तर माझ्या वेंधळेपणानं तुझं पत्र टेबलावर राहिलं आणि तिनं वाचलं. मला म्हणाली, की काढ्याला पहिल्या दिवसापासून आंबूस वास येत होता. वन्संनी एवढ्या मायेनं पाठवलाय, त्यांना नको कसं म्हणायचं, म्हणून ती नाक दाबून पीत राहिली. मलाही बोलली नाही, कारण मी लगेच तुला कळवलं असतं. तेव्हाच कळवलं असतं तर काकू वाचल्या असत्या, असं म्हणून खूप रडली.

तिला स्वतः लिहायचं होतं, पण अजून फार वेळ बसवत नाही. तुला एवढंच कळवायला सांगितलंय, की काकूंच्या मुलीकडे एकट्या जाऊ नका. मला चालता यायला लागलं की दोघी मिळून जाऊन तिला काढ्याचं सांगू.

आम्हा दोघांचा लोभ होता तसाच आहे.

तुझा बारक्या