मुंगी नसलेली गोष्ट

आई, तुझी चिमणी छापून आली. चौकोनी, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. डावीकडच्या पानावर मराठी, उजवीकडे डच आणि दोन्हींवर पसरलेलं चित्र. मुखपृष्ठावर माझं नाव आहे आणि आत, पहिल्या पानावर, 'आईने सांगितलेली गोष्ट' असं लिहून खाली तुझं. ते पान उलटल्यावर जी गोष्ट सुरू होते ती तू सांगितलेली नाही. ते कसं झालं, एवढंच तुला सांगायला बसले आहे.

शाळेच्या मागची पत्र्याची खोली मला अजून दिसते. तू आणि तुझ्याबरोबर खिचडी करणारी मावशी समोरासमोर बसून तांदूळ निवडता आहात. शनिवारी माझी शाळा लवकर सुटते, म्हणून मी दारात फतकल मारून बसले आहे. तू गोष्ट सांगतेस. एक बाई जात्यावर दळत असते. चिमणी तिच्याकडे एक दाणा मागते, बाई देते आणि तो दाणा नेमका जात्याच्या खुंट्याच्या चिरेत जाऊन अडकतो. चिमणी सुताराकडे जाते, म्हणते, खुंटा फोड. सुतार म्हणतो, एका दाण्यासाठी? मग ती राजाकडे जाते, सुताराला दटाव म्हणते. राजा नाही म्हणतो. मग राणी, साप, काठी, विस्तव, नदी. सगळे नाही म्हणतात. प्रत्येक नकारानंतर तू थांबायचीस आणि ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हूं आला नाही तर गोष्ट पुढं जायची नाही. मावशीचा डोळा लागला की तू सूप आपटायचीस. "हूं कुणी म्हणायचा? चिमणीनं?" मावशी दचकून म्हणायची, "म्हणते की बाई, हूं. तुझी चिमणी आज तरी दाणा काढतीय का?" चिमणी कधीच दाणा काढायची नाही. नदीनं नाही म्हटलं की ती परत खुंट्याशी येऊन बसायची. दाणा दिसतोय, मिळत नाही. मी विचारायची, "मग?" तू पदराला हात पुसत उठायचीस. "मग काय? उजाडलं की परत सुताराकडं." आणि चुलीवर आधण ठेवायचीस.

एकदा मी पाठकोऱ्या कागदावर ती गोष्ट उतरवून घ्यायला लागले. मला वाटलं, तुला आवडेल. तू गोष्ट मधेच थांबवलीस. "हात चालतोय तुझा, कान कुठं हायत? एकदा लिवून घेतलीस की मला कशाला इचारशील मग?" मी कागद चुरगळून चुलीत घातला आणि पुष्कळ दिवस तुझ्यावर रुसले. माझ्या शिक्षणासाठी हेडमास्तरांच्या दारात उभी राहणारी तूच, आणि मी लिहू लागले की रागावणारीही तूच, हे मला समजत नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे कुणाच्या हातावर ठेवायचे तेच कळेना. आपल्या घरात कुणालाच त्या पदवीच्या कागदाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. बाबांनी तो देवापुढे ठेवला.

आता मी नेदरलँड्सच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये राहते. लग्न करून नवऱ्याच्या मागं आले, सुरुवातीला घरीच होते, आता जवळच्या झुइडओस्टमधल्या एका ऑफिसात नोकरी करते. तुझी नात पाच वर्षांची आहे. मी बोलते ते सगळं मराठी तिला कळतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. मी चिडत नाही, फक्त घरातच कुणाचा तरी निरोप घेतल्यासारखं वाटत राहतं. म्हणून पुस्तकाचं डोक्यात आलं. भाषा सुंदर चित्रांसकट हातात पडली तर मुलं ती आपणहून उचलतील, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आर्नहेमला एक लहान प्रकाशनसंस्था सापडली. चित्रकार मुलगी तिकडचीच. तिनं पहिल्यांदा जातं काढलं ते टेबलावर ठेवलेलं, आणि बाई खुर्चीत बसलेली. मग मी व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले, एक पाय पसरला, एक दुमडला आणि कढईचं झाकण गरागरा फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "पण ती उठते कशी?" मी उठून दाखवलं. पुढचं चित्र असं आलं, की बाईची पाठ बघून मला तू आठवलीस.

गोष्टीच्या शेवटाशी गाडं अडलं. संपादक बाई माझ्याहून मोठी, मायाळू. तिनं कागद बाजूला ठेवले आणि म्हणाली, "मुलं हे झोपायच्या आधी वाचणार. चिमणीला उपाशी ठेवून आईनं दिवा कसा मालवायचा?" मी म्हटलं, ती उद्या परत जाते, तीच तर गोष्ट आहे. ती म्हणाली, "परत जाते आणि परत नाही ऐकते." त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. मला वाटलं, आपल्या बायका तरी माझ्या बाजूनं बोलतील. गोष्ट ऐकून एक काकू हसल्याच. "अगं, शेवटी मुंगी येते ना! ती हत्तीच्या सोंडेत शिरते, मग हत्ती नदीला घाबरवतो, नदी विस्तवाला, असं करत करत सुतार धावत येतो. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुझ्या आईला शेवट ठाऊक नसणार गं, अर्धीच ऐकली असेल तिनं." दोघीतिघी म्हणाल्या, हो, मुंगी आहेच. मी तिळगूळ घेऊन घरी आले.

तुला मुंगी माहीत नव्हती, की माहीत असून तू ती आम्हाला दिली नाहीस? हे विचारायला मी मावशीला फोन केला. ती आता फार थकली आहे. पुष्कळ आठवून म्हणाली, "मुंगी? काय की बाई. मी तर झोपायचीच. तुलाच ठावं." आणि मला ठाऊक नाही. मला फक्त आधणाची वाफ आठवते. माझ्या बाजूनं सांगायला कुणीच उरलं नाही, तेव्हा मी शेवट बदलला. मुंगी आली, हत्ती आला, चिमणीला दाणा मिळाला. नवरा म्हणाला, "झाली बघ चिमणी इथली. आता नागरिकत्वाची परीक्षा देऊन पासपोर्टही घेईल." मी हसले. प्रत्येक पानाखाली मी बारीक अक्षरात 'हूं' लिहिला होता. छपाईसाठी पानं लावणाऱ्याला मराठी येत नाही. त्याला वाटलं, चुकून राहिलेलं काहीतरी आहे, आणि त्यानं तो सगळीकडून काढून टाकला. छपाईआधी तपासायला आलेल्या शेवटच्या प्रतीत ते मला दिसलं. मी काही कळवलं नाही.

गेल्या रविवारी मी भात लावत होते. तुझी नात पाटावर बसून वाटाणे सोलत होती. मी ठरवलं, आज तिला पुस्तकाशिवाय सांगायची, तुझ्यासारखी, थांबत थांबत. ती छान ऐकत होती. नदीनंही नाही म्हटलं. चिमणी खुंट्याशी येऊन बसली. मी म्हटलं, "आणि उजाडल्यावर ती परत सुताराकडे जाते." तिचे हात थांबले. "नेय, आई. मीर कुठंय?" नेय म्हणजे नाही, मीर म्हणजे मुंगी. मी म्हटलं, माझ्या आईच्या गोष्टीत मुंगी नव्हती. ती उठली, आतून पुस्तक आणलं, बरोबर ते पान काढलं आणि मुंगीवर बोट ठेवून डचमध्ये म्हणाली, "बघ. तूच लिहिलंयस. तू चुकलीस." तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. आपल्या आईला मदत करावी तसं ती मला दाखवत होती. मी म्हटलं, "हो गं, चुकलेच मी."

आता घरी तीच गोष्ट चालते. तुझी गोष्ट माझ्यापर्यंत आली आणि इथं थांबली, त्यावर मला काही उपाय दिसत नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुझ्यापर्यंत तर ते पोचणारच नाही. म्हणूनच एक सांगून टाकते. रोज संध्याकाळी वाचताना सुतार नाही म्हणतो, राजा नाही म्हणतो, नदी नाही म्हणते, आणि पान उलटून मुंगी दिसली की मलाही बरं वाटतं.