त्यांच्या हद्दीबाहेर

१४ जून १९८२
कोर्टाच्या ऑफिसात टायपिंगमध्ये मन नव्हतं. निफाडहून एक बाई अर्ज घेऊन आली. तिचं काम निफाडच्याच कोर्टाचं, आमच्या हद्दीत येत नाही. साहेबांनी मलाच समजावायला सांगितलं. ती म्हणाली, "तिथं तरी ऐकतील ना ताई?" म्हटलं, ऐकतील.
ह्यांना पकडून आज अकरा महिने.

२० जून
ह्यांचं तुरुंगातून आलेलं एकुलतं एक पत्र पुन्हा काढलं. आखातात बंदरावर वेल्डर म्हणून गेले, यार्डात आग लागली, पाळीतल्या सगळ्यांना आत टाकलं. खटला नाही, काही नाही. हे सगळं कंपनीकडून कळलेलं. पत्रात त्यातलं अक्षर नाही. "गंगेला पाणी किती? सुमन शाळेत जाते का?" गोदेचं आणि लेकीचं, एवढंच. खाली एक ओळ खोडलेली. खिडकीशी धरून पाहिली. लागत नाही.

८ जुलै
गायकवाड वकील आले. जयभीम, चहा. म्हणाले, युरोपात मानवी हक्कांचं कोर्ट आहे. त्याच्या आयोगाकडे साधा माणूससुद्धा सरकारविरुद्ध दाद मागतो. विचारलं, आशा धरू का?
"धरा वहिनी. पण अर्धीच."
अर्धी कशी धरतात?

१७ जुलै
अर्ज मीच टाइप केला, आठ पानं. 'माझे पती' आलं की बोट चुकायचं. दोन पानं पुन्हा केली. रजिस्टर पोस्टानं रवाना.
सासूबाईंनी विहारात जाऊन मेणबत्ती लावली. मला म्हणाल्या, "कोर्ट लय लांब हाय. पण कोर्ट म्हंजे कोर्ट."

२ नोव्हेंबर
उत्तर आलं. पाकीट न फोडता वकिलांकडे नेलं. त्यांनी आधी मनात वाचलं. तेव्हाच कळलं.
ज्या देशाविरुद्ध तक्रार, तो त्यांच्या करारात नाही. म्हणून तक्रार विचारात घेता येत नाही. भाषा सभ्य. खाली शाईची सही.
सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "करारात नसंल तो देश. माणूस तर हाय ना?"


१९ नोव्हेंबर
वकील हट्टाला पेटलेत. कंपनी युरोपातली, तिचं सरकार करारात आहे, त्या सरकारलाच धरू म्हणतात. पुन्हा सहा पानं. टाइप करताना ह्यांचे हात आठवत होते. मनगटांवर ठिणग्यांचे बारीक डाग. जेवताना मी मोजायचे, हे हात मागे घ्यायचे.

११ मार्च १९८३
दुसरंही परत. तुरुंग त्या सरकारचा नाही, पकडणारेही त्याचे नाहीत, आणि कंपनीविरुद्ध तक्रार ते घेत नाहीत.
वकील म्हणाले, "वहिनी, ते तुम्हाला खोटं म्हणत नाहीत. त्यांचा हात तिथवर पोचत नाही."
तिथल्या आपल्या वकिलातीलाही लिहिते आहे, त्यांचं उत्तर दर वेळी तेच, चौकशी चालू आहे.
घरी येऊन ह्यांचा निळा शर्ट धुतला. मळलेला नव्हता. वाळत घातला, म्हणजे दोरीवर दिसतो.

५ ऑगस्ट
शेजारच्या बाई म्हणाल्या, वय आहे तुझं अजून, विचार कर. मी कणीक मळत राहिले. राग आला नाही. ह्यांचा आवाज आठवेना, त्याचीच भीती वाटत होती. भाकरीचा पापुद्रा सोलताना "हा माझा" म्हणायचे. शब्द आठवतात, आवाज नाही.

२२ जानेवारी १९८४
मालेगावचे रफिकभाई आले. ह्यांच्याच पाळीतले, महिन्यापूर्वी सुटले. का सुटले, त्यांनाही माहीत नाही. चपला काढून दारातूनच म्हणाले,
"भाभी, वसंतभाई जिंदा हैं."
सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं.
मी विचारलं, सुटतील का? म्हणाले, "मी निघालो त्याच्या आठ दिवस आधी त्यांना दुसरीकडं नेलं. कुठं, ते नाही मालूम." मग हळूच, "केस पुरे सफेद झालेत त्यांचे."
छत्तीस वर्षांचे आहेत.

२३ जानेवारी
ऑफिसला गेले नाही. वकिलांकडे जाऊन नव्या अर्जाचा कागद मशीनवर चढवला, वर कुणाचं नाव घालायचं कळेना. तसाच ठेवला.
सुमनला सांगितलं, बाबांचे केस पांढरे झालेत. ती म्हणाली, "मग मी त्यांना ओळखणार कशी?"
म्हटलं, तू नको, तेच ओळखतील तुला.
हे गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती.